मला सोनेरी रंग लागला तो रविवार

मित्रांनो, मला कुंडी म्हणा, घमेलं म्हणा, नाहीतर इथले म्हणतात तसं नुसतं 'लोखंड' म्हणा. नावावाचून माझं काही अडलेलं नाही. मालट्रकच्या चाकात ब्रेकसाठी बसवतात ती ओतीव लोखंडाची जाड कुंडी मी. आता पार जुनी झालेली, गंजलेली, काठाचा एक टवका उडालेली. पण माझ्यावर सळईचा एक ठोका मारून बघा. इथं पोर्ट ऑफ स्पेन शहरात लावेंतिलच्या टेकडीवर मारलात, तर खाली बंदरावरचा माणूस मान वळवून वर बघतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे फुशारकीनंच सांगते, पण खरं सांगते.

माझा जन्म अमेरिकेतल्या कुठल्याशा भट्टीतला. मोठ्या लढाईच्या दिवसांत आरमारी तळासाठी मालट्रक आले, त्यांच्याबरोबर मीही त्रिनिदादच्या बेटावर उतरले. चार वर्षं चाकात गरगर फिरले. कुणी ब्रेक दाबला की चटका मला, आणि गाडी वेळेत थांबली की शाबासकी ड्रायव्हरला. तेव्हापासून जगाची ही रीत मला ठाऊक आहे. घासून घासून माझी कड पातळ झाली, तशी साहेबांनी मला भंगारात फेकली.

तळावर कथबर्ट पास्कल नावाचा हमाल होता. दिसेल ते ठोकून बघायची त्याला खोड. पाईप, डबे, खिडकीचे गज, काही सोडायचा नाही. माझ्यावरही त्यानं पाना आपटला आणि जागच्या जागी थबकला.

"ऐकलंस का रे? ही म्हातारी गाते!" तो शेजारच्या हमालाला म्हणाला.

चार वर्षांची होते मी, आणि म्हातारी! तेच नाव चिकटलं.

फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. "काय नेतोस डोक्यावरून?"

"बायकोला स्वैपाकाचं भांडं, साहेब."

"याला तर मधोमध भोक आहे."

"म्हणूनच नेतोय. बायकोच्या हातचं खाल्लं असतंत, तर तुम्हीच पाडून दिलं असतंत भोक."

पहारेकरी हसला आणि मी सुटले.

आता तुम्ही विचाराल, लोखंड कशाला वाजवायचं? ढोल नव्हते का? होते ना. कथबर्टच्या आजीच्या काळी होते. पण ढोल वाजले की काळी माणसं एकत्र येतात, ताठ चालतात, म्हणून गोऱ्या सरकारनं ढोलांवर बंदी आणली. लोकांनी बांबू तोडून जमिनीवर आपटले. बांबू फुटायला लागले, तेव्हा बिस्किटांचे डबे घेतले, कचऱ्याची पिंपं घेतली. लढाई संपल्याची बातमी आली त्या दिवशी सगळं पोर्ट ऑफ स्पेन रस्त्यावर उतरलं होतं, हातात सापडेल ते पत्र्याचं घेऊन. कथबर्ट मला वाजवत पुढं, आणि मागं पाचशे माणसं. पाचशे पावलं माझ्या एका ठोक्यावर पडत होती. मित्रांनो, ते ज्यानं एकदा अनुभवलं त्याला पुढं कुणाचा मोठेपणा सोसत नाही.

मला सोसला नाही.

कारण पुढं तेलाच्या पिंपांचे पॅन आले. पिंपाचा तळ घणानं ठोकून खोलगट करायचा, त्यात एकेक सूर बसवायचा, रबर लावलेल्या काड्यांनी वाजवायचं. आमच्या नीरफणसाखालच्या अंगणात ही कला ऑस्बर्नला यायची. तोच आमच्या फाल्कन्स बँडचा कॅप्टन. आणि त्यानं घडवलेल्या सगळ्या पॅनांत ती एक होती, बारीक आवाजाची, सगळी गाणी जिच्या तोंडी. लोक तिला राणी म्हणायचे. मी सवत म्हणायची.

सवतच ती! मी काही विनाकारण जळत नव्हते. तिला मऊ फडक्यानं पुसायचे, मला पायानं सरकवायचे. ऑस्बर्न तिच्या पोटाला कान लावून तासन् तास बसायचा, तिचा सूर जरा उतरला तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही. माझा सूर कधी उतरलाच नाही, म्हणून कुणी विचारलंही नाही. ती रात्री घरात झोपायची, मी झाडाखाली. एकदा माझ्यात कोंबडी अंडी घालून बसली आणि तीन दिवस तिला उठवायला कुणी धजेना. देश स्वतंत्र झाला, जुना झेंडा उतरून लाल-पांढरा-काळा चढला, तेव्हा मिरवणुकीत फोटो निघाले. फोटोत राणी मधोमध. माझा काय तो काठ दिसतो, तोही कुणाच्या तरी कोपरामागे.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. पण तिनं माझी इनेझ नेली, ते कसं गिळू?

इनेझ म्हणजे कथबर्टची एकुलती एक लेक. पॅनच्या अंगणात मुलींनी पाऊल टाकायचं नाही, अशी तेव्हा रीत. तिची आई झाडू घेऊन मागं लागायची. "गुंडांची जागा आहे ती! पाय मोडून ठेवीन!" तरी पोरगी कुंपणातून घुसायची आणि माझ्याजवळ येऊन बसायची. सातव्या वर्षी तिनं माझ्यावर पहिला ठोका मारला. कथबर्टनं तिचं मनगट धरून शिकवलं: "हाताला घाई नको. सगळे पळतील, तू पळायचं नाहीस. तू ठाम, तर शंभर माणसं ठाम." दहाव्या वर्षी ती बापासारखी वाजवायला लागली. मला वाटलं, कथबर्टनंतर हाच हात आपल्याला.

सोळाव्या वर्षी ती उठून राणीकडं गेली. बघता बघता अशी वाजवायला लागली की ऑस्बर्नसुद्धा आपल्या काड्या खाली ठेवून ऐकत उभा राहायचा. एका गाण्यात बारा ठोक्यांची एक झरझर सुरावट तिनं स्वतः बसवली होती. ती दुसऱ्या कुणाला जमायची नाही. लोक टाळ्या वाजवायचे, आणि मी त्या सुरावटीखाली माझा तोच एक ठोका देत राहायची. ठण, ठण, ठण. मनात म्हणायची, सूर उतरो मेलीचा.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली होती. त्या साली कथबर्टनं सांगून टाकलं, "हे माझं शेवटचं कार्निव्हल. खांदा वर जात नाही आता." कार्निव्हलात सगळ्या बँडांची जी मोठी स्पर्धा असते तिच्या शेवटच्या फेरीत फाल्कन्स कधीच पोचले नव्हते. बापाला एकदा तरी तिथं वाजवताना बघायचं, एवढंच इनेझच्या मनात होतं. तिनं कामावरून महिनाभर सुटी घेतली होती.

त्या साली एका रंगाच्या कारखान्यानं बँडला आश्रय दिला. कपडे दिले, टोप्या दिल्या, सोनेरी रंगाचे डबे दिले. पॅनांच्या बाहेरच्या अंगांना रंग लागला, पॅन ठेवायच्या गाड्यांना लागला. राणी तर अशी झळकली की बघवेना. मला मात्र सगळे ओलांडून जात होते. मित्रांनो, त्या आठवड्यात मी देवाकडं एकच मागितलं: मलाही लागू दे.

मागताना जपून मागावं.

रविवारी सकाळी, दुपारच्या निवडीच्या फेरीला निघायच्या आधी, इनेझ एकटीच अंगणात आली. हातात डबा आणि ब्रश. माझ्यापुढं मांडी घालून बसली. "म्हातारे, तुझ्याकडं कुणाचं लक्षच नाही ना? डॅडींचा शेवटचा सोहळा आहे, तूपण नटून चल." तिनं माझा गंज फडक्यानं पुसला, आणि आतून, बाहेरून, काठावर, खाचाखाचांत रंग लावला. एक हात झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. इतक्या वर्षांनी तिचा हात माझ्यावर फिरत होता. मी डोळे मिटले, असते तर. उन्हात वाळले तेव्हा राणीकडं असं बघितलं की काय सांगू!

बापाला दिसू नये म्हणून तिनं मला गोणपाटात गुंडाळून गाडीवर ठेवलं.

मैदानावर पोचलो. ओळीनं बँड उभे होते, आमच्या पुढं दोन. कथबर्टनं गोणपाट काढलं आणि हसला. "वा! माझी म्हातारी नवरी झाली की!" सळई उचलली आणि ठोका मारला.

थप्प.

ओल्या लाकडावर मारावा तसा. त्यानं पुन्हा मारला. थप्प.

"कुणी रंगवली?" त्यानं विचारलं.

"मी, डॅडी." इनेझचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मला वाटलं, तिलाही..."

ऑस्बर्न धावत आला. "दुसरं लोखंड घ्या! दोन आहेत ना बाकीची?"

"ती हिच्या मागं चालतात," कथबर्ट म्हणाला. "हिचा आवाज शेवटच्या रांगेला गेला नाही, तर शंभर माणसं शंभर वाटांनी जातील. तुला ठाऊक आहे."

तिथंच कडेला टँटी क्लेमी, म्हणजे सगळ्यांची क्लेमी मावशी, कणसं भाजत होती. अर्ध्या पिंपाची शेगडी, वर लालबुंद कोळसे. इनेझनं मला उचललं आणि सरळ शेगडीवर नेऊन ठेवलं.

"अगं ए बये! माझी कणसं!"

"टँटी, रंग जाळायचाय. पाया पडते."

"पाया कसली पडतेस, पंखा घाल! आणि ऐक, रंगाचा वास लागलेली कणसं तुमच्या बँडनं विकत घ्यायची."

"जिंकलो तर घेऊ," ऑस्बर्न ओरडला.

"हरलात तरी घ्यायची! कणसाला काय कळतं कोण जिंकलं ते?"

माझ्यावरचा रंग फुगला, काळा पडला, धुरानं लोक खोकायला लागले. इनेझ कोयत्यानं पापुद्रे खरवडत होती. तिची टोपी गेली, नवे कपडे काळे झाले. कुणीतरी पाण्याची बादली आणली, तसा कथबर्ट गरजला, "पाणी नको! तापलेली आहे, तडकेल!" पुढचा बँड मंचावरून उतरला. आमचं नाव पुकारलं. आणि इतकी वर्षं मला हात लावायच्या आधी दोनदा विचार करणारा तो शहाणा माणूस, त्यानं घाईत मला उघड्या उजव्या हातानं उचललं.

त्यानं मला नीट माझ्या चौकटीला टांगलं आणि मग तळहात बघितला. कातडी माझ्याकडंच राहिली होती.

"इनेझ," तो म्हणाला, "तू वाजव."

"आणि माझा पॅन? ती सुरावट?"

"सुरावट नसली तर गाणं लंगडेल. ठोका नसला तर गाणं उभंच राहणार नाही. दुसरा शिकवलेला हात माझ्याकडं नाही, पोरी."

जागा रिकामी दिसू नये म्हणून राणीला मंचावर नेलं. तिच्यामागं कुणीच उभं नव्हतं. इनेझ माझ्यासमोर आली. तिनं सळई उचलली.

ठण!

मी परत आले होते. शंभर माणसं त्या एका आवाजावर उभी राहिली. इनेझचं मनगट तसंच, दहाव्या वर्षीसारखं, ठाम. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. ती बघ मेली, मी मनात म्हटलं, उभी आहे मुकी. आता कळू दे.

मग त्या सुरावटीची जागा आली. बारा ठोके मी एकटीच वाजले. वर काही नाही. जिन्याच्या मधल्या पायऱ्या कुणी काढून न्याव्यात, तसं. इतकी वर्षं मला वाटायचं, ती माझ्या डोक्यावर चढून बसलीय. त्या बारा ठोक्यांत मला कळलं की मी वाजत होते ते तिला उभं राहायला जागा मिळावी म्हणून. इनेझच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलला नाही.

आम्ही एका गुणानं मागं पडलो. शेवटची फेरी हुकली.

अंगणात परतल्यावर इनेझ नीरफणसाखाली बसून रडत होती. "मी घालवलं, डॅडी. तुमचं शेवटचं वर्ष मी घालवलं."

कथबर्टच्या हाताला केळीचं पान बांधलं होतं. दुसऱ्या हातानं तो जळकं कणीस खात होता. "सगळेच करतात ते," तो म्हणाला. "घरातल्या म्हातारीला सणासुदीला पावडर लावतात, खुर्चीत बसवतात. आणि ती बोलायला लागली की म्हणतात, गप बस, पावडर निघेल."

मग म्हणाला, "पण काय वाजवलंस, पोरी! शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं."

त्यानंतर त्यानं सळई हातात घेतली नाही. कथबर्ट गेला, ऑस्बर्न गेला. इनेझ आता सत्तरीची आहे, बँडची कॅप्टन आहे, आणि तिला टँटी म्हणणाऱ्या मुली आता दारातून येतात, कुंपणातून नाही. राणीचा सूर पार उतरला. तिला आता भिंतीवर खिळ्याला टांगलीय, माझ्या बरोबर वर. बघायला येणारी शाळेची मुलं तिच्याकडं बोट दाखवतात. मला ते अजून झोंबतं. वय झालं म्हणून स्वभाव जातो, असं कुणी सांगितलं?

तर मित्रांनो, एक ऐका. जुन्या वस्तूवर माया करायची असेल, तर आधी ती काय करते ते विचारा, मग हात लावा. जुन्या माणसांचंही तेच. आम्हाला नटवू नका, वापरा. आमचा गंज आम्हाला शोभतो.

आणि अंगणात आलात, तर त्या वरच्या बाईची धूळ जरा मऊ फडक्यानं झटका. फार दिवसांत कुणी झटकलेली नाही, मला खालून दिसतं.

पण आधी मला एक ठोका मारा. आधी मला.