लॉवेल आणि व्हर्ना टटल

ड्वेन ऑस्टबीने निवृत्त झाल्यावर जुनं मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, विकत घेतलं, तेव्हा त्याच्या पुढच्या काचेखाली लाकडाची एक पाटी होती. तापलेल्या सळईने डाग देऊन अक्षरं काढलेली: लॉवेल आणि व्हर्ना टटल. शेजारी एक बदक, तेही असंच भाजून काढलेलं.

गाडी विकणारी बाई चाळिशीची होती. किल्ली देताना ती म्हणाली, "बाबा आता चालवत नाहीत. आई गेल्यापासून."

आई कशी गेली, हे ड्वेनने विचारलं नाही. आमच्या मिनेसोटात असं विचारत नाहीत. शेजाऱ्याच्या घराला आग लागलेली दिसली तर आम्ही कुंपणापाशी जाऊन "आज जरा उकडतंय" म्हणतो आणि त्याने विषय काढायची वाट पाहतो.

पाटीचे बोल्ट गंजले होते. ड्वेनने पाना लावून पाहिला आणि सोडून दिला. मार्लिस, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "असू दे. बदक छान आहे." मार्लिस शाळेच्या लायब्ररीत नोकरी करून निवृत्त झालेली. आयुष्यभर लोकांना गप्प बसवण्याचा पगार घेतल्यामुळे असेल, पण तीही गप्पच असे. ड्वेन विमा कंपनीत होता. लोकांचे दावे मंजूर का होऊ शकत नाहीत, हे तो त्यांना सभ्य भाषेत कळवायचा. दोघांनी घर विकलं आणि ती देशातली राष्ट्रीय उद्यानं बघायला निघाली.

पहिला मुक्काम बॅडलँड्सचा. दुपार कलली की मोटारहोमवाले आपापल्या दारात फोल्डिंगच्या खुर्च्या मांडतात, मग त्या सरकत सरकत एकमेकांजवळ येतात आणि गोल तयार होतो. कुणी कुणाला नाव विचारत नाही. ते पाटीवर असतंच.

"लॉवेल! अरे लेका, जिवंत आहेस अजून!" एक गोल गरगरीत माणूस हात पसरून आला. त्याच्या मोटारहोमवर लिहिलं होतं: रोली आणि आर्डिस, नेब्रास्का.

ड्वेनने चूक सुधारण्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात रोलीने त्याच्या हातात बिअरचा गार डबा ठेवला. आता ज्याची बिअर आपण धरली आहे, त्याला "तुझी काहीतरी गफलत होतेय" असं कसं सांगायचं? ड्वेनने ठरवलं, डबा संपला की सांगू. डबा संपायच्या आत दुसरा आला. दुसऱ्यानंतर सांगितलं तर पहिला फसवून प्यायल्यासारखं झालं असतं.

तिकडे आर्डिसने मार्लिसला मिठी मारली होती. "व्हर्ना! अगं, बरी आहेस ना? आम्हाला काय काय वाटलं होतं!" तिने डोळे पुसले. काय वाटलं होतं ते मात्र सांगितलं नाही. नेब्रास्कावालेही याबाबतीत आमच्यासारखेच.

"तू का नाही सांगितलंस तिला?" दार लावून घेतल्यावर ड्वेनने विचारलं.

"तू का नाही सांगितलंस त्याला?"

"माझ्या हातात बिअर होती."

"आणि मला ती मिठी मारून रडत होती." मार्लिस अजून हसत होती. "किती वर्षांनी मला कुणीतरी असं धरलं."

ड्वेनला हिशेब लागला की त्या वर्षांत तो स्वतःही येतो.

पुढे प्रत्येक उद्यानात हेच. खऱ्या टटल जोडप्याबरोबर दिवस काढलेली माणसंसुद्धा ड्वेनच्या पाठीवर थाप मारून "लॉवेल" म्हणायची आणि कुणाला काही खटकायचं नाही. ड्वेनला आधी आश्चर्य वाटलं, मग थोडं वाईट वाटलं. टोपी, काळा चष्मा, पोट, गुडघ्यापर्यंतची चड्डी. दोन माणसांत वेगळं असं राहतंच काय? एकदा एकाने त्याला पाण्याचा पंप दुरुस्त करायला नेलं. ड्वेनने पंपाकडे बराच वेळ गंभीरपणे पाहिलं आणि तो आपोआप सुरू झाला. "लॉवेल तो लॉवेलच," सगळे म्हणाले.

मार्लिसचं मात्र वेगळं होत होतं.

यलोस्टोनला रोली-आर्डिस पुन्हा भेटले. आर्डिस म्हणाली, "व्हर्ना, तू त्या रुबार्बच्या वड्या कशा करायचीस गं? लिहून देते म्हणाली होतीस."

रुबार्ब म्हणजे आंबटढाण लाल देठ. मार्लिसला त्याच्या वासानेही शिसारी यायची. घरात ते कधी आलं नव्हतं. आता ही कशी सुटते ते बघू, म्हणून ड्वेन खुर्चीत पुढे झुकला.

"लिहायचंय काय त्यात?" मार्लिस म्हणाली. "देठ बारीक चिर, साखरेत मुरू दे, पण सुटलेलं पाणी टाकायचं नाही हं. सगळ्या जणी तिथेच चुकतात. ते पाणी आटवून वरून घालायचं."

नंतर त्याने विचारलं, "हे तुला कुठून माहीत?"

"अंदाजाने ठोकून दिलं."

"तुला रुबार्ब आवडत नाही."

"कोण म्हणतं?" ती म्हणाली, आणि खरंच कुतूहल असल्यासारखी त्याच्याकडे बघत राहिली.

मग ती पत्ते खेळायला लागली. जिला एक्का आणि राजा यांतलं मोठं कोण हे विचारावं लागायचं, ती रोलीला हरवायची आणि वर म्हणायची, "पानं मोज की रोली. डोक्यावरच्या केसांपेक्षा थोडी जास्त आहेत, पण जमेल तुला." सगळे खो खो हसत. पहिल्यांदा ड्वेनही हसला. इतकी वर्षं संसार करून ही बाई विनोदी आहे हे त्याला कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा त्याच्या लक्षात आलं की हसताना ती मान मागे टाकते. मार्लिस हसताना तोंडावर हात धरायची.

मोटारहोमवाले पुरुष मनातलं बोलतात ते फक्त एका ठिकाणी: संडासाची टाकी रिकामी करायच्या जागी. दोघांनाही नळीकडे बघावं लागतं, त्यामुळे एकमेकांकडे बघावं लागत नाही.

"रोली, एक सांगायचं होतं," ड्वेन म्हणाला. "मी लॉवेल नाही. माझं नाव ड्वेन."

रोलीने नळीवरची नजर काढली नाही. "गेल्या वर्षी हार्लन म्हणाला होतास."

"काय?"

"गेल्या वर्षी, इथेच. 'मी लॉवेल नाही रे, मी हार्लन.' अगदी कळवळून. आर्डिस म्हणते, निवृत्तीनंतर पुरुषांचं होतं असं काहीतरी. नळी वर धर, सांडतंय."

ड्वेनने नळी वर धरली. हात धुतले. मग पाना, हातोडी आणि छिन्नी घेऊन पाटी उखडली आणि अस्वलांना उघडता येऊ नये म्हणून बनवलेल्या लोखंडी कचरापेटीत कोंबली. बदकाचं डोकं बाहेर राहत होतं, ते त्याने मोडून आत ढकललं.

दोन मुक्कामांनंतर, ब्राइस कॅनियनला, रोली गाडीसमोर उभा राहिला. "अरे, पाटी पडली वाटतं वाटेत! असू दे. तुम्हाला कोण ओळखत नाही?"

त्या दिवशी ड्वेन आत आला तेव्हा मार्लिस बटाटे सोलत होती. तो म्हणाला, "मार्लिस, आपण परत जाऊ या. मिनेसोटाला. भाड्याने घेऊ काहीतरी."

ती सोलत राहिली.

"मार्लिस."

पंखा चालू होता, त्यामुळे ऐकू गेलं नसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पंखा बंद केला. "मार्लिस."

बाहेरून आर्डिसने हाक मारली, "व्हर्नाऽ, पानं पिसू का?"

"आले, आले!" ती म्हणाली. सुरी ठेवताना तिला ड्वेन दिसला. "अगंबाई, लॉवेल! कधीचा उभा आहेस?"

हे नाव तिने चारचौघांत बरेचदा घेतलं होतं. नाटक चालू ठेवायचं म्हणून घ्यावंच लागायचं. दोघंच असताना पहिल्यांदा घेतलं. ड्वेनने मात्र तिला त्या दुसऱ्या नावाने एकदाही हाक मारली नव्हती. लोकांसमोर तो "अगं" म्हणून वेळ मारून न्यायचा. आता त्याने पक्कं ठरवलं. सगळं जग व्हर्ना म्हणू दे. जोवर एक माणूस तिला मार्लिस म्हणतोय, तोवर मार्लिस आहे. विम्याच्या भाषेत सांगायचं तर जोवर दावा मंजूर होत नाही, तोवर नुकसान सिद्ध झालेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं तसा तो खुर्ची घेऊन बाहेर आला. आर्डिस एकटीच शेंगदाणे खात बसली होती.

"खरं सांगू का लॉवेल," ती म्हणाली, "मला वाटलं नव्हतं तुम्ही या जागी परत याल. गेल्या वर्षीचं ते सगळं झाल्यावर."

"कुठलं सगळं?"

"बरंय, नको काढू या विषय." तिने शेंगदाणे पुढे केले.

"नाही, काढ." असं म्हणताना ड्वेनला भर रस्त्यात कपडे काढल्यासारखं वाटलं. पण तो म्हणाला.

"व्हर्ना फिरायला म्हणून गेली ना, त्या कड्यावर? कठड्याच्या पलीकडे उभी होती, अगदी टोकाला. आम्ही झाडांतून बघत होतो. आणि तू मागून हाका मारतोयस, जेनेट, जेनेट म्हणून! मी रोलीला म्हटलं, ही जेनेट कोण आणि? नवरा बायकोला भलत्याच नावाने हाक मारतोय, मग ती कशाला वळेल मागे? एकदा व्हर्ना म्हणाला असतास तर आली असती बिचारी."

"मग काय झालं?"

"मग म्हणजे?"

"शेवटी काय झालं?"

"ते आता मी तुला सांगू?" आर्डिस हसली. "अंधारून आलं, आम्ही आत गेलो. सकाळी आम्हाला निघायचं होतं, पुढच्या ठिकाणचं बुकिंग होतं. पण एकूण झालं असेल सगळं ठीक. हे काय, आहातच की तुम्ही दोघं."

मोटारहोमवाल्यांचं असंच असतं. सगळ्या गोष्टी ते अर्ध्यापर्यंत बघतात. ड्वेनला मात्र उरलेला अर्धा माहीत होता. किल्ली देताना एका बाईने तो त्याला सांगितला होता आणि त्याने सभ्यपणे मान डोलावली होती.

"ती कुठे आहे?" त्याने विचारलं.

"व्हर्ना? फिरायला गेली मघाशीच. कड्याकडे."

ड्वेन धावला. त्या वयात, त्या पोटाने आणि त्या उंचीवर जितकं धावता येतं तितकं धावला. पाइनची झाडं संपली आणि एकदम पुढे काहीच नव्हतं. खाली खोलवर लाल दगडांचे सुळके दाटीवाटीने उभे होते. खांदे, माना, डोकी असलेले, कुणीतरी यायची वाट बघत उभ्या राहिलेल्या गर्दीसारखे. लाकडी कठड्याच्या पलीकडे ती उभी होती. पाठमोरी. हात कोटाच्या खिशात.

"मार्लिस!"

पाठ हलली नाही.

"मार्लिस!" ती दुकानात दिसेनाशी झाल्यावर मारायचा तशी त्याने हाक मारली. मग मुलगा झाला तेव्हा इस्पितळात म्हणाला होता तसं, हळू म्हणून पाहिलं. मग रागावून. प्रत्येक वेळी ते नाव तिच्या अंगावरून पुढे गेलं, खाली उतरलं, आणि सुळक्यांनी त्याचं शेपूट तेवढं परत पाठवलं: लिस, लिस.

तिने एक पाऊल पुढे टाकलं. काही खडे सुटले. ते पोचल्याचा आवाज आला नाही.

ड्वेन कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. पलीकडे जाऊन तिला धरायचं तर मधे दहा पावलांचा भुसभुशीत उतार होता, आणि तिला एकच पाऊल टाकायचं होतं. त्याने आणखी एकदा मार्लिस म्हटलं. हे हाक मारण्यासाठी नव्हतं. नुसतं म्हटलं.

मग तो जेवायला बोलवावं तशा साध्या आवाजात म्हणाला, "व्हर्ना."

ती थांबली. वळली.

"अरे लॉवेल! केवढा धापा टाकतोयस!" ती सावकाश उतार चढून आली आणि त्याचा हात धरून तिने कठडा ओलांडला. "असा धावत जाऊ नकोस बाबा, माझा जीव जायचा एखाद्या दिवशी."

तिचा हात उबदार होता. लांबून, झाडांतून, आर्डिसने ओरडून विचारलं, "आली का रे?"

"आली," ड्वेन म्हणाला.

दोघं परत चालू लागली. थोडं अंतर गेल्यावर तिने विचारलं, "मघाशी हाका कुणाला मारत होतास? मार्लिस कोण?"

ड्वेनने विचार केला. "होती एक. ओळखीची."

"कशी होती?"

"अबोल होती."

"बिच्चारी," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या बोटांत बोटं गुंतवली. मार्लिसने चारचौघांसमोर त्याचा हात कधी धरला नव्हता. पुढे खुर्च्यांच्या गोलात रोली पानं वाटत होता. ड्वेनने हात सोडवून घेतला नाही.