तिसरा जोड

सकाळी सव्वानऊला डाव्या पायातली चप्पल पुन्हा निसटली. चपलांच्या दुकानातला सर्वांत जुना विक्रेता दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकला आणि बायकोला म्हणाला, की हाही जोड फसवाच निघाला. महिन्याभरातला हा तिसरा.

पाठीतली चकती सरकली आहे, हे त्याला ठाऊक होतं. कमरेपासून पावलापर्यंत कळ जायची, शिंकलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण ऑपरेशनचं नाव काढायची सोय नव्हती. मागच्या खेपेला डॉक्टरच म्हणाले होते, की नुसती कळ असेल तर ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक ओसरते. ते वाक्य त्याने घट्ट धरून ठेवलं होतं. वर थोरल्या बहिणीने बजावलेलं, पाठीला सुरी लावलीस तर मला तोंड दाखवू नकोस.

आत गेल्यावर त्याने ठीक आहे, ठीक आहे एवढंच सांगितलं. डॉक्टर औषधं लिहायला लागले, तशी बायको बोलली. "यांच्या डाव्या पायात चप्पल टिकत नाही हो. जोड बदलून झाले, आता पायच बदलायचा राहिलाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्याला टाचांवर चालायला लावलं. उजवं पाऊल वर राहिलं, डावं फतकन खाली पडलं. डावा अंगठा त्यांनी एका बोटाने सहज दाबून धरला. त्याने सगळा जीव लावला, तरी अंगठा उचलेना. आयुष्यभर लोकांच्या पायाशी बसलेला माणूस स्वतःच्या पायाकडे बघत राहिला.

चकतीने नस दाबून पायाची ताकद चालली आहे, आता हिशेब बदलला, डॉक्टरांनी समजावलं. नुसत्या कळेला थांबणं चालतं, ऑपरेशन करा की थांबा, वर्षभराने दोन्ही वाटा जवळपास एकाच ठिकाणी पोचतात. ताकद जायला लागली की थांबणं महागात पडू शकतं. ऑपरेशनात जंतुसंसर्ग, नसेला इजा, चकती पुन्हा सरकणं, असे धोके थोडे, पण आहेत. कंबर पुढेही कुरकुर करेल.

"गॅरंटी?" त्याने विचारलं.

"कळ जाईल असं वाटतं. ताकदीबद्दल शब्द देत नाही."

त्याला दुकानातली शिडी आठवली, वरच्या फळीवरचे खोके आठवले. करून टाका, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्याला खोकला आला. त्याने दात आवळून कळेची वाट पाहिली. ती आली नाही. खात्री करायला तो मुद्दाम आणखी एकदा खोकला, आणि बायकोला हसू आवरेना.

संध्याकाळी बहीण येऊन थेट खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. "तुझं तोंड नाही, पाय बघायला आलेय. उचल अंगठा."

अंगठा किंचित हलला. किती सुधारेल, ते पुढच्या महिन्यांत कळेल, असं डॉक्टर सांगून गेले आहेत.

आज त्याला व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालवलं. जाताना चप्पल एकदा निसटली. येताना राहिली.