दिवेलागणीचा विस्तव

आमच्या गावाचा इतिहास एका फ्लेक्सवर मावतो, हे मला यंदा माघात कळलं. धार जिल्ह्यात सरदारपुराहून अमझेऱ्याकडे येताना वाइन कंपनीची नवी कमान लागते, तिच्यावर तो टांगलेला होता. वर पगडीतला एक सरदार, मिशा पिळलेल्या, हातात द्राक्षांचा घड. खाली हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलेलं की दोनशे वर्षांपूर्वी सरदार उदाजीरावांनी या माळावर पहिली वेल लावली आणि हे गाव वसवलं.

उदाजीराव म्हणजे आमच्या घराण्याचे मूळपुरुष. धारच्या दरबाराबरोबर आले, इथे त्यांना जमीन मिळाली, इथपर्यंत खरं. पण त्यांनी जन्मात द्राक्ष पाहिलं असेल तर ते शिऱ्यातल्या बेदाण्याच्या रूपात. वेल कसली लावतात!

तेवढ्यावरही मी हसून सोडून दिलं असतं. पण खाली कोपऱ्यात नकाशा होता. मधोमध आमची गढी, तिच्या बाजूला पिपल्या, आणि निसरपुरवाल्यांची बसाहट, म्हणजे धरणग्रस्तांची वसाहत, जिथे आहे तिथे लिहिलेलं, 'लेबर कॉलनी'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बकुळा. माहेर देवासचं, सून गढीची. मेळखेडीत लग्न करून आले तेव्हा मेळखेडी नावाचं गावच नव्हतं. आमची गढी म्हणजे मराठ्यांची थोडी घरं. नाल्यापलीकडे पिपल्या, तिथे पाटीदार शेतकरी. मधला माळ मोकळा होता, नुसता मुरूम. नर्मदेवरच्या धरणाचं पाणी निसरपुराकडे चढायला लागलं तेव्हा सरकारनं त्या मुरमावर तिथल्या लोकांना आणून बसवलं. तीच बसाहट. पुढे तिन्ही वस्त्या एक झाल्या, एक पंचायत झाली, आणि माझ्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, तिला मेळखेडी हे नाव दिलं.

आणि द्राक्षं? ती आणली नारायणरावांनी. निसरपुरात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांचेही पूर्वज मराठ्यांच्याच लवाजम्यात आलेले, फक्त तलवारीऐवजी सुई-दोरा घेऊन. दुकान पाण्यात गेलं. मुरमावर गहू येईना, म्हणून ते छाटणीच्या हंगामात नाशिककडे मजुरीला जाऊ लागले. परत येताना काड्या आणल्या. आधी स्वतःच्या तुकड्यात लावल्या, मग पाटीदारांना शिकवलं, आणि सगळ्यात शेवटी, त्यांची टर उडवत का होईना, आम्ही लावल्या. आता सगळ्यात आधी लावल्याचा मान आमचा! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

नारायणराव परवाच्या पावसाळ्यात गेले. फ्लेक्सवर त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या बायकोला, इंदूला, लिहिता-वाचता येतं; फ्लेक्स तिनं वाचला होता. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती अंगणात गोवऱ्या रचत होती. मला वाटलं, रडेल किंवा भांडेल. तिनं माझ्यासाठी खाट टाकली.

"वहिनीसाहेब, ह्यांचं नाव नसलं तरी चालेल," ती म्हणाली. "पण आम्ही या गावचे नाही, असं लिहिलंय. एक गाव पाण्यानं नेलं. हे दुसरं रंगानं नेणार का?"

मी तशीच उठून निघाले. कारण तो फ्लेक्स कुठून आला हे मला ठाऊक होतं. तो माझ्याच घराच्या ओसरीवरून गेला होता.

कंपनीचा मनन नावाचा पोरगा इंदूरहून गावाची माहिती घ्यायला आला होता. गोड बोलणारा, मला आंटीजी म्हणणारा. त्यानं विचारलं माझ्या नवऱ्याला, जगदेवरावांना. आता आमच्या ह्यांची एक खोड सांगते, आणि ही खोड आमच्या सगळ्या जुन्या घरांची आहे. ह्यांना विहिरीचं पाणी गोड कसं विचारलं तरी हे मूळपुरुषापासून सुरू करतात. मननला गावाचा इतिहास हवा होता. ह्यांनी उदाजीराव काढले, मग त्यांची घोडी, मग त्यांच्या दोन बायका. उदाजीरावांच्या नातवापर्यंत येईतो मननचा चहा संपला, तो पाया पडला आणि गेला. गावाची पाळी आलीच नाही.

चूक इथवर होती तोवर मी तिला चूकच म्हणत होते. पण फ्लेक्स लागल्यावर मी ह्यांना म्हटलं की मननला बोलवा आणि राहिलेलं सांगा. हे आरशात पगडी लावून बघत होते. पहिल्या तोडणीच्याच दिवशी कंपनीचा अंगूर महोत्सव होता, पाहुणे इंदूरहून येणार होते, आणि चौकातली चूल पेटवण्याचा मान सरदारांच्या वंशजाला दिलेला होता. मी खोटं काहीच बोललो नाही, असं ह्यांचं म्हणणं. राहिलेलं सांगायचं तर घरची लाज चारचौघांत उघडी करावी लागेल, आणि ते ह्यांना नको होतं.

ती लाज मी सांगते. लपवून ती काही कमी होत नाही.

बसाहटीची माणसं ट्रॉल्यांमधून आली ती तिन्हीसांजेला. वाटेत पावसानं गाठलेलं, काड्यापेट्यांचा लगदा झालेला. इंदू मातीचं परळ घेऊन आमच्या दारात विस्तव मागायला आली. आमच्यासारख्या घरांत दिवेलागणीनंतर मीठ, ताक आणि विस्तव उंबऱ्याबाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. सासूबाईंनी तिला तशीच परत पाठवली. त्या दुष्ट नव्हत्या. नेम मोडायची छाती त्यांना नव्हती. बसाहटीतली लेकरं त्या दिवशी पाण्यात कालवलेलं पीठ खाऊन झोपली.

आबासाहेब धारला गेले होते, ते सकाळी आले. झालेलं ऐकलं. त्यांनी आमची पेटलेली चूल पाणी ओतून विझवली, जोडे काढले, आणि रिकामं परळ घेऊन अनवाणी बसाहटीत गेले. तुमच्याकडचा विस्तव मिळाला तरच माझ्या घरी अन्न शिजेल, असं त्यांनी इंदूला सांगितलं. तिनं दिला.

तिथून हे गाव सुरू झालं. द्राक्षं लागल्यावर आबासाहेबांनी तो नेम पहिल्या तोडणीला बांधला. त्या दिवशी तिन्ही वस्त्यांतल्या चुली बंद. आता गॅस आहेत, तर गॅस बंद. गढीचा कर्ता अनवाणी बसाहटीत जाऊन विस्तव मागतो. तो चौकात आणतात, त्यावर गोवऱ्या पेटतात, बाफले, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, भाजतात, सगळं गाव एका पंगतीला जेवतं. मग वेलीला कात्री लागते, त्याआधी नाही. आबासाहेबांमागून हा मान ह्यांच्याकडे आला. मान म्हणजे मागण्याचा, देण्याचा नव्हे. एवढं साधं ह्यांच्या पगडीखाली शिरत नव्हतं.

महोत्सवाच्या सकाळी मी घरातला गॅस बंद केला आणि परळ ह्यांच्यासमोर ठेवलं. हे म्हणाले, "अहो, कार्यक्रम ठरलाय. मनननं मशाल आणलीये. यंदा तेवढं राहू दे."

"मग मी जाते," मी म्हटलं, आणि गेले.

इंदूनं मला पाणी दिलं, विस्तव दिला नाही. विस्तव गढीच्या कर्त्यानं मागायचा असतो, असं ती म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. मी रिकामं परळ घेऊन परत आले. वाटेत पिपल्याच्या बायका भेटल्या, त्यांना मी काय झालं ते सगळं सांगितलं. माझी जीभ तिखट आहे हे गावाला माहीत आहे, आणि त्या दिवशी तिचा मी पुरता उपयोग केला.

चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुण्यांच्या हातात ग्लास होते. ह्यांनी मशालीनं चूल पेटवली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. गोवऱ्या रसरसून फुलल्या आणि त्यांच्यावर ठेवायला एकही बाफला आला नाही. ना पिपल्यातून, ना बसाहटीतून, ना गढीतल्या आमच्याच भाऊबंदांकडून. तोडणीला बायका यायच्या होत्या, त्याही आल्या नाहीत. मनन पळत माझ्याकडे आला, "आंटीजी, लोग कहाँ हैं?" मी म्हटलं, बेटा, लोग लेबर कॉलनी में हैं, तुम्हारे नक्शे में देख लो. शेवटी त्यानं पाहुण्यांच्याच हाती कात्र्या दिल्या. त्यांनी निवडून निवडून कच्चे हिरवे घड तोडले, तोंडं वाकडी केली आणि गाड्यांत बसून निघून गेले.

दुपारी पिपल्याचे पाटीदार आपणहून बसाहटीत गेले, त्यांनी विस्तव मागून नेला. त्यांच्या अंगणांतून भाजल्या बाफल्यांचा वास यायला लागला. उपाशी राहिली ती फक्त गढी.

हे ऊन उतरल्यावर घरी आले. पगडी खुंटीला टांगली आणि चहा मागितला. मी म्हटलं, घरात विस्तव नाही.

"गॅस आहे ना," हे म्हणाले.

"आहे. पेटवा तुम्ही."

हे स्वयंपाकघरात गेले. शेगडीच्या बटणावर हात ठेवला. समोरच्या भिंतीला आबासाहेबांचा फोटो आहे, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. माणूस कितीही फुगला तरी आबासाहेबांचा मुलगा होता. हात खाली आला. त्यांनी परळ उचललं, चपला दारातच राहू दिल्या आणि बाहेर पडले. मी मागोमाग निघाले, राग तसाच घेऊन.

कमानीपाशी हे थांबले. फ्लेक्सच्या दोऱ्या सोडता येईनात, तेव्हा दोन्ही हातांनी ओढून त्यांनी तो खाली घेतला. उदाजीरावांच्या मिशीपासून उभा फाटला. त्याची घडी काखेत मारून हे बसाहटीच्या वाटेला लागले. पायाला मुरूम टोचत होता, हे चालण्यावरून दिसत होतं. मला दया आली नाही.

इंदूच्या दारात पोचलो तेव्हा तुळशीपुढे दिवा लागला होता. शेजारची माणसं अंगणात येऊन उभी राहिली. ह्यांनी फ्लेक्स खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी मूळपुरुषापासून सुरुवात केली नाही.

"इंदूबाई, माझ्या आईनं तुम्हाला विस्तव दिला नव्हता. आज सकाळी मी तो मागायला आलो नाही. चूक माझी आहे. उद्या मननला बोलावून सगळं सांगतो, तुमच्यासमोर सांगतो."

इंदूनं फ्लेक्स उलगडून पाहिला. पावसात गोवऱ्या झाकायला बरा आहे, म्हणाली, आणि बाजूला ठेवला. हे परळ पुढे धरून उभेच होते. मग त्यांचं लक्ष तुळशीतल्या दिव्याकडे गेलं आणि हात मागे आला.

"दिवेलागण झाली की," हे हळूच म्हणाले. "सकाळी येतो मी."

इंदू आत गेली. चुलीतले निखारे चिमट्यानं काढून आणले आणि ह्यांच्या हातातलं परळ भरलं.

"न्या, दादासाहेब," ती म्हणाली. "आमच्यात या वेळेलाही देतात."