आप्पांचा मोगरा

शेजारचे वीरभद्रप्पा, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, मैंदर्गीला लेकीकडे राहायला गेले, तेव्हा महेश्वररावांनी त्यांची बॅग स्वतः उचलून रिक्षात ठेवली. काही राहिलं तर नाही ना, हेही बघून घेतलं. राहिला तो मोगरा.

महेश्वररावांच्या पत्नी शिवबाईंच्या पूजेला फुलं कायम आप्पांकडची. महेश्वररावांनी बाजारातून हार आणला की त्या म्हणत, "असू द्या. पण आप्पांच्या मोगऱ्याचा वास न्हाय ह्याला." वास! चिंचोळीच्या कारखान्यात नवऱ्याचा जन्म यंत्रांच्या ग्रीसमध्ये गेला, त्याच्या वासाबद्दल बाई कधी चांगलं बोलली नव्हती.

वर्षात आप्पांच्या बागेचं रान झालं. जास्वंद पत्र्यावर चढली, मधुमालतीनं पाण्याची मोटर गिळली, मोगरा नुसत्या पानांनी माजला. जानेवारीत आप्पांचा फोन आला.

"घराला गिऱ्हाईक आलंय. पण मोगऱ्यात जीव अडकलाय बगा. त्यो फुलला तर मी माघारी येतो, न्हाईतर घर देऊन टाकतो. जरा छाटून बगता का?"

"छाटतो की!" महेश्वरराव इतक्या प्रेमानं म्हणाले की शिवबाईंनी वळून पाहिलं.

जास्वंद, मधुमालती त्यांनी रीतीपुरती कातरली. मग मोगऱ्याकडे वळले. गुडघ्याएवढे खुंट ठेवले. उरलेलं पान न् पान ओरबाडलं. बुडाची माती उकरून मुळं उन्हात उघडी टाकली. पाणी बंद.

"अहो, मरंल की ते!" शिवबाई भिंतीपलीकडून ओरडल्या.

"शास्त्र आहे त्यामागं," महेश्वरराव म्हणाले. कुठलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काही दिवसांनी शिवबाईंनाच दया आली. त्यांनी शेणखत घालून मुळं झाकली, भिंतीवरून पाइप सोडला.

मार्चअखेर मोगरा असा फुलला की गल्लीतली माणसं गाड्या थांबवून वास घेऊ लागली. शास्त्र खरंच होतं. जाणती माणसं मोगरा असाच छाटतात.

शिवबाईंनी फोटो पाठवला. पुढच्याच रविवारी आप्पा मोगऱ्यापुढं उभे.

"यप्पा! माझ्या हातनं असं कदी झालं न्हाय. मायेपोटी कात्रीच चालायची न्हाय माझी. तुमी कसं केलं?"

शिवबाई पदरात फुलं घेत म्हणाल्या, "लई मन लावून छाटलं की त्यांनी. मी बघत होते ना भिंतीवरून. दात-ओठ खात होते नुसते."

"मग ठरलं," आप्पांनी गहिवरून महेश्वररावांचे दोन्ही हात धरले, "दरसाल तुमीच!"