जबड्याखालची शीर

वहिनीने दोन बोटं घोडीच्या जबड्याखाली सरकवली, शीर हाडावर दाबली आणि मनातल्या मनात चरफडली. नाडी ठणठणीत होती. संथ, भरदार, बेशरम.

"काय म्हणते?" दारातून दीर गरजला. घरात त्याला तोफ म्हणत. तो गरजला की तीन गल्ल्यांपलीकडचं दूध नासतं, असं त्याची सख्खी आईच सांगायची.

"खांदा बघा हिचा, भावजी. पट्ट्याने सोलून निघालाय. ओंडक्यांची गाडी कशी ओढेल ही?"

"खांद्याचं सोड! बाबांचा नियम काय? नाडी पळत असली तर सुट्टी, नाहीतर जुंपायची. फाजील लाड नाहीत!"

नियम खरा होता. पण बाबा पट्ट्याखाली मऊ गादीही घालायचे, ते तोफ सोयीस्कर विसरली होती. वहिनीची कानशिलं तापली.

"मी सांगितलेलं पटेल तुम्हाला?"

"मुळीच नाही! तुला ही घोडी नवऱ्यापेक्षा प्यारी."

"मग स्वतः बघा की. का हात मळतात?"

तो तणतणत आत आला. इतकी वर्षं त्याने नियम ओरडून पाळला होता. घोडीला बोट कधी लावलं नव्हतं.

"कुठे?"

"इथे. अंगठ्याने. चांगला दाबा."

नाडी बघायला अंगठा कधीच लावायचा नसतो. अंगठ्याला स्वतःची नाडी असते; वाटतं जनावराची लागली, आणि लागलेली असते आपलीच. सासऱ्यांनी तिला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

रागाने लालबुंद झालेल्या दिराने अंगठा दाबला आणि त्याचा आ वासला.

"अगं, ही तर सुसाट सुटलीये!"

"मी काय बोलणार? माझं कुठे पटतं तुम्हाला."

त्याने पट्टा भिंतीवर आपटला, जगातल्या झाडून सगळ्या घोड्यांना शिव्या घातल्या आणि निघून गेला. वहिनीने जखम धुतली. राग मात्र धुतला जाईना. सोललेला खांदा डोळ्यांसमोर होता, तरी सुट्टी मागावी लागली ती फसवून.

संध्याकाळी तो पुन्हा आला. न ओरडता. घोडीच्या जबड्याखाली अंगठा लावून बराच वेळ उभा राहिला.

"वहिनी," तो कुजबुजला, "अजून पळतेय गं. सकाळपेक्षा जास्तच. वाचेल ना ही?"

दिवसभर तिने त्याच्यासाठी एकेक शब्द परजून ठेवला होता. ते सगळे तिने म्यान केले. तिने कोनाड्यातली मलमाची डबी काढून त्याच्या हातात दिली.

"खांद्याला लावा. हळू."