कैनात डोळे मिटत नाही

"पैजेला मिशी लावतो," मी म्हटलं. "रविवारपर्यंत त्या कैनातला डोळे मिटायला लावले नाहीत, तर गेटवर बसून सगळ्यांसमोर मिशी उतरवणार."

शेजारच्या बंडूने लगेच टाळी घेतली. पैज म्हटली की तो आंघोळ अर्धी टाकून येतो.

खारघरच्या आमच्या सोसायटीत माझा एक जुना धंदा आहे. पोरांना म्हणायचं, डोळे मीट, हात पुढे कर. मग हातावर कधी चॉकलेट, कधी बर्फ, कधी रबराची पाल. पोरं किंचाळतात, मला नावं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी परत हात पुढे करतात. एक कैनात सोडून. वरच्या मजल्यावरच्या मुझम्मिलची पोर, नऊ वर्षांची. आई नाही तिला.

पहिल्यांदा चॉकलेट नेलं. म्हणाली, आधी दाखवा. दाखवलं, तर म्हणे, मग डोळे कशाला मिटायचे? बंडू बाकावर आडवा होऊन हसला. नंतर मांजरीचं पिल्लू नेलं, शर्टात लपवून. शर्ट हलताना दिसला. चावत असेल, म्हणाली आणि हात पाठीमागे.

शनिवारी मुझम्मिल तुर्भ्याहून स्पेअर पार्टच्या दुकानातून आला, तेव्हा त्यालाच धरलं. भाई, पोरीला सांगा जरा, माझी मिशी जातेय. तो एकदम खूश. बाइक स्टँडला लावून सांगत बसला. तिच्या वाढदिवसाला दिवाळे गावच्या बंदरावर नेलं होतं, मासळी घ्यायला. टोपलीत जिवंत चिंबोऱ्या, नांग्या उगारलेल्या. पोरीला म्हटलं, डोळे मीट, गिफ्ट देतो. तिने हात पुढे केला.

"एक चिंबोरी," तो म्हणाला, "नि जन्माचं शिक्षन झालं. मी सख्ख्या भावाच्या भरवशावर न वाचता सही केली, गाळा गेला. आपली पोर नाय फसनार."

कैनात बाजूलाच उभी होती. तिने अंगठा मुठीत दडवला.

मी हसायचं म्हणून हसलो. रबराची पाल माझ्या खिशातच होती.

"बघायचंय?" म्हणत मुझम्मिलने आवाज मऊ केला. "कैनू, डोळे मीट बेटा. अब्बा हाय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. पापण्या हळूच खाली यायला लागल्या. खरं सांगतो, मी मिशी विसरलो. मनात म्हटलं, मीट बाय, एकदाच मीट. आणि तू रे बाबा, दे तिला काहीतरी चांगलं.

पापण्या परत वर गेल्या. हात पाठीमागे.

"शाब्बास," मुझम्मिल म्हणाला आणि जिना चढायला लागला. ती मागून निघाली, अंतर ठेवून, त्याच्या हातांवर नजर ठेवून.

रविवारी बंडूने गेटवर खुर्ची मांडली. अख्खी सोसायटी जमली. माझी बायको वैजयंती मोबाइल सरसावून सगळ्यात पुढे. सलूनवाल्या शिवतेजने मुद्दाम भुवयांपर्यंत फेस थापला नि म्हणाला, मिटा काका, जळजळेल. मिटले. पोरं खिदळत होती. कानाजवळ बारीक आवाज आला.

"काका, त्याच्या हातात वस्तरा आहे."

"माहितीय गं."

ती खुर्चीला येऊन खेटली.

"मग मिटा तुमी. मी बघते."

वस्तरा ओठावर टेकला. मी एक डोळा किलकिला केला. सगळे माझ्या तोंडाकडे बघून हसत होते. कैनात तेवढी शिवतेजच्या हाताला नाक लागेल इतक्या जवळ उभी होती, पापणी न हलवता.