भरायचा नट

बसा त्या टायरवर, पडत नाही तो. तुमच्या चाकाचं पंक्चर निघेस्तोवर एक गोष्ट सांगतो. गाडीचीच आहे. फक्त ऐकताना दात काढू नका, काढलेच तर मोठ्याने काढू नका.

एक होता जावई. शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. हाताचा नाजूक, बोलायला कमी. राहती खोली सुटली म्हणून चार दिवसांसाठी बायकोच्या माहेरी आला आणि तिथंच रुतला. सासरा बस डेपोतला जुना फिटर. अख्खी गल्ली त्याला फोरमन म्हणायची, आणि हा बाबा जेवतानासुद्धा फोरमनच. "जावईबापू, घास हळू. पळून नाही चाललाय तो. पळायला पाय लागतात, ते या घरात फक्त माझ्याकडे आहेत." बायको मान खाली घालून हसायची. जावयाला वाटायचं, बिचारी बापाला भिऊन हसते.

मग याला दूरच्या गावी कपड्याच्या कारखान्यात नोकरी लागली, राहायच्या खोलीसकट. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. बायकोला विचारलं, "येशील ना?"

ती म्हणाली, "बाबांना विचारा."

फोरमनच्या दारात एक बारकी जुनी गाडी होती. क्लच नाही, गिअर आपले आपणच पडायचे. पण हल्ली गिअर पडताना गाडीला उचकी लागायची. फोरमन तिच्या टपावर थाप मारून म्हणाला, "गाडी न्या, पोरगीही न्या. फक्त हिच्या गिअरचं तेल स्वतःच्या हाताने बदला. रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी आपल्या चाकांवर दारातून हलली, तर दोघी तुमच्या. नाही हलली, तर पोरीला पुन्हा 'चल' म्हणायचं नाही."

एवढंच ना! जावयाचा जन्म तेलात गेलेला. लाल तेलाचे डबे आणले, नवं वॉशर आणलं, नरसाळ्याला नळी जोडली. रविवारी दुपारी गाडी जरा फिरवून तेल कोमट केलं, मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅकने उचलून खाली लोखंडी स्टँड सरकवले. फोरमन खुर्ची टाकून संत्रं सोलत बसला. बायकोने उजेडासाठी बॅटरी धरली. दारात दोघांच्या दोन बॅगा तयार होत्या. त्या बघून जावयाचे हात आणखीच भराभर चालत होते.

आता नीट ऐका. शिलाई मशिनवाल्यांची एक रीत असते. आधी जुनं तेल पुसून काढायचं, मशीन कोरडं ठाक करायचं, मगच नवा थेंब. अंगात भिनलेली रीत. तीन वर्षं सासरा ते बघत होता. या गाडीच्या गिअरला तेल मोजायची काडी नाही, आणि तेल नसेल तर गाडी इंचभर हलत नाही. तेल पोटाखालच्या नटातून सोडायचं आणि कुशीतल्या नटातून भरायचं. जावयाने खालचा नट काढला. बायकोचा हात अजिबात हलला नाही, उजेड बरोबर त्या नटावर. कुशीकडे काही तो उजेड गेला नाही. तेल आलं ते काळं, जळक्या वासाचं. शेवटचा थेंब पडेस्तोवर हा पठ्ठ्या थांबला. नट पुसला, वॉशर बदललं, पुन्हा घट्ट केला. मग कुशीतल्या नटाला पाना लावला.

पाना गर्रकन फिरला. नट नाही फिरला.

हात घालून चाचपलं. नटाचं डोकं बोरासारखं गुळगुळीत. कोणीतरी केव्हातरी छिन्नी-हातोडीने हाणून त्याचे कोपरे उडवले होते. याने मोठी पक्कड लावली, लोंबकळला, बोटं सोलून घेतली. नट ढिम्म.

"मामा, हा निघत नाहीये."

"कसा निघेल?" फोरमनने संत्र्याची बी थुंकली. "तो माझ्याच हाताने गेलाय. म्हणून तर तेल बदललं नव्हतं कधी."

"मग आधी सांगायचंत!"

"आधी विचारायचंत. पाणी कुठनं येणार ते बघितल्याशिवाय हंडा उपडा करतात का, जावईबापू? भरायचा नट आधी उघडतात. डेपोतला झाडूवालाही सांगेल."

"जुनंच तेल परत घालतो. आजच्यापुरतं."

"घाला की. कुठनं घालता?" आणि फोरमन असा हसला की संत्रं घशात अडकलं. ठसका शमल्यावर डोळे पुसत म्हणाला, "तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं! गाडी उद्या गॅरेजवाला ओढून नेईल. तुम्हाला कोण ओढून नेणार?"

जावई गाडीखालून निघाला. कमी बोलणारा माणूस, पण तेव्हा ठासून बोलला. "राहू दे गाडी. आम्ही बसने जातो." शब्द मोडून त्याने बायकोला म्हटलं, "चल."

तिची बॅग उचलली, तर हात झटक्यात वर गेला. बॅग रिकामी.

त्याने तिच्याकडे बघितलं. तिने बॅटरी बंद केली.

"बाबांनी तो नट मोडला ना," ती म्हणाली, "तेव्हाही बॅटरी मीच धरली होती."

"तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर गाडी निघाली असती."

"नाही यायचं, एवढं तरी म्हणायचंस."

"मग तुम्ही का-का करत बसला असतात. आता विचारायचंच नाही, ठरलंय तुमचं." आणि आत जाता जाता म्हणाली, "ते तेल सांडू नका. डाग निघत नाही."

त्याने काय करावं? तेलाचा ट्रे उचलला, अजिबात न हिंदकळता कडेला नेऊन ठेवला. फडक्याने फरशी पुसली. आपली बॅग घेतली आणि निघाला. मागनं फोरमन ओरडला, "जावईबापू, स्टँड काढून जा! गाडी काय टांगलेलीच ठेवू?" तर हा परत आला. परत आला हो! गाडी खाली उतरवली, विटा काढल्या, हत्यारं पुसून ठेवली, मग गेला.

झालं तुमचं चाक. हवा बरोबर आहे. तुम्ही कारखान्याच्या बाजूलाच निघालाय ना? मग एक करा. त्या बाकड्यावर बॅग मांडीवर घेऊन बसलाय, काळ्या नखांचा, त्याला तेवढं सोडा. शेवटची बस गेलीय त्याची. आणि गाडी तुमची आपोआप गिअरवाली आहे, तेव्हा हात जोडून सांगतो, तो गिअरच्या दांड्याकडे बघत बसला तर बघू द्या. विचारू मात्र काही नका.